टाकी रिकामी करायची, पण आत उतरायचे कोणी?

अमरावतीजवळ नांदगाव पेठला होऊ घातलेल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या मंडपातून झाली. एक हजार एकर जमीन, कापसापासून कपड्यापर्यंत सगळे एकाच ठिकाणी, वऱ्हाडच्या पोरांना रोजगार, अशी भाषणे झाली. रोजगार यावा, त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. वऱ्हाडचा कापूस शंभर वर्षे बाहेर गेला आणि इथल्या माणसाच्या वाट्याला फक्त वेचणी आली, हे दुखणे जुनेच आहे. पण रोजगार म्हटला की कोणाला कोणता रोजगार, हा प्रश्न आंबेडकरी माणसाने विचारलाच पाहिजे. साहेब कोण होणार, सुपरवायझर कोण होणार आणि रंगाच्या, कॉस्टिकच्या, सांडपाण्याच्या टाकीत बादली घेऊन कोण उतरणार? या शेवटच्या प्रश्नावर त्या मंडपात कोणी बोलले नाही. म्हणून आज त्याच टाकीबद्दल बोलू.

ही टाकी साधी नसते. तिला आपल्याकडे ‘फायबरची टाकी’ म्हणतात. काचेच्या तंतूंच्या चादरी पॉलिस्टर राळेत भिजवून थरावर थर चढवायचे आणि टाकी घडवायची. लोखंड ज्या ॲसिडने खाल्ले जाते ते ॲसिड या टाकीत वर्षानुवर्षे राहते. गंज चढत नाही, वजन कमी, किंमत परवडणारी, म्हणून मालकांना ती आवडते. कपड्याच्या रंगाई-धुलाईत कॉस्टिक आणि ॲसिड लागते. तेल शुद्ध करताना कॉस्टिक लागते आणि त्यातून उरलेल्या सोप स्टॉकवर पुन्हा ॲसिड घालतात. वीज केंद्राच्या बॉयलरला अत्यंत शुद्ध पाणी लागते, ते तयार करायलाही ॲसिड आणि कॉस्टिक दोन्ही. अकोल्याच्या एमआयडीसीत तेल आहे, पारसला आणि नांदगाव पेठला वीज केंद्रे आहेत आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाणी गोड करणारी यंत्रे गावोगाव बसली आहेत. म्हणजे मुंबई-ठाण्यासारखा रासायनिक पट्टा वऱ्हाडात नसला तरी टाक्या इथेही आहेत, आणि नांदगाव पेठला त्या वाढणार आहेत.

टाकी भरणे सोपे असते. टँकर येतो, पंप लागतो, भरून जाते. टाकी रिकामी करण्याची वेळ वर्षा-दोन वर्षांतून एकदा येते. गाळ साचला, चीर गेली, माल बदलला, कारखाना विकला, असे काहीतरी होते. रोज न होणारे हे काम कारखान्याच्या कायम कामगाराच्या यादीत नसते. ते ठेकेदाराला सांगितले जाते, ठेकेदार मुकादमाला सांगतो आणि मुकादम सकाळी मजुरांच्या चौकातून चार माणसे उचलतो. त्या चौघांना टाकीत काय होते हे माहीत नसते. ‘पाणीच आहे’ एवढेच सांगितले जाते.

आता हे काम नीट कसे करतात ते समजून घेऊ, कारण अज्ञानाचा फायदा नेहमी ठेकेदाराला होतो. पहिली गोष्ट, टाकीच्या डोक्यावर हवा जाण्याची नळी असते. ती मोकळी आहे की नाही हे आधी पाहावे लागते. त्या नळीत गांधीलमाशीचे घर झालेले असते, नाहीतर पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून कोणीतरी तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असते. अशा वेळी खालून पंपाने ओढायला लागले की टाकीत पोकळी तयार होते. फायबरची टाकी आतून बाहेर ढकलणारा दाब सोसते, पण आत ओढणाऱ्या दाबाला ती फार कच्ची असते. दोन मीटर व्यासाच्या टाकीत हवेच्या दाबाच्या अवघ्या विसाव्या भागाइतकी ओढ निर्माण झाली तरी तिच्या छतावर दीड टनाहून अधिक भार पडतो. छत आत बसते, भिंतीला तडा जातो आणि आतले ॲसिड शेजारी उभ्या असलेल्या माणसावर येते. एक पिशवी वेळेवर काढली असती तर हे टळते.

दुसरी गोष्ट छताचीच. ज्या छतावर माणूस उभा राहील असे बनवणाऱ्याने लिहून दिलेले नाही, त्यावर पाय ठेवायचा नसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उघड्यावर असलेल्या टाकीची वरची राळ उन्हाने झिजून काचेचे तंतू उघडे पडतात, हात लावला तरी अंगाला खाज सुटते. अशा दहा-पंधरा वर्षांच्या टाकीवर झाकण उघडायला माणूस चढवणे म्हणजे त्याला सरळ ॲसिडमध्ये ढकलणे आहे. शिडी स्वतंत्र हवी, उभे राहायला टाकीपासून वेगळा मचाण हवा.

तिसरी गोष्ट खालच्या नळीची. फायबरच्या टाकीला जोडलेली नळी लोखंडासारखी घट्ट वेल्ड केलेली नसते, ती थरांनी चिकटवलेली असते. जड व्हॉल्व, पाण्याने भरलेला होज तिला लोंबकळू द्यायचा नसतो, खाली आधार द्यावा लागतो. अडकलेला व्हॉल्व मोठ्या पान्याने जोर लावून फिरवला तर व्हॉल्व फिरत नाही, नळीच मुळासकट तुटते. मग दहा हजार लिटर थांबवायला काहीच उरत नाही. म्हणून टाकीभोवती संपूर्ण टाकी मावेल एवढा, किंबहुना थोडा अधिक, सिमेंटचा कठडा हवा. तो कागदावर बहुतेकांचा असतो. प्रत्यक्षात सायकली आत नेता याव्यात म्हणून तो एका बाजूने फोडलेला आढळतो!

आणि माल कुठे सोडायचा? रात्री नाल्यात सोडला की सकाळी कोणाला पत्ता लागत नाही, हा सर्वांत स्वस्त मार्ग. नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती कोणाची असते हे वाचकांना सांगायला नको. कायदेशीर मार्ग असा की माल दुसऱ्या टाकीत किंवा टँकरमध्ये घ्यायचा, नाहीतर वेगळ्या हौदात हळूहळू मारायचा. हिशेब कठीण नाही. तीस टक्के ताकदीचे हजार लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड मारायला साधारण साडेतीनशे किलो भिजवलेला चुना लागतो. पण तो त्याच फायबरच्या टाकीत ओतायचा नसतो, कारण त्यातून उष्णता निघते आणि राळ ती सोसत नाही. आणि ज्या हौदात काल ब्लिचिंगचे पाणी होते त्यात आज ॲसिड सोडायचे नसते, कारण त्यातून क्लोरीन निघतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला जो वायू वापरला तोच हा.

इथपर्यंतची कामे बाहेर उभे राहून करायची आहेत. खरा मृत्यू यानंतर सुरू होतो. टाकी ‘रिकामी’ झाली असे सगळे म्हणतात, पण ती रिकामी झालेली नसते. माल काढायची नळी बहुतेक टाक्यांना तळापासून चार-सहा इंच वर असते. दोन मीटर व्यासाच्या टाकीत चार इंच म्हणजे तीनशे लिटरहून अधिक माल तळाशी उरतो, त्यात गाळ. पंप तो ओढत नाही. मग बादली, फडके आणि माणूस! तळाला उतार देऊन अगदी खालच्या टोकाला नळी ठेवली असती आणि बाजूने मोठे तोंड ठेवले असते, तर हा गाळ बाहेरून धुऊन काढता आला असता. म्हणजे माणूस आत उतरणार की नाही हे टाकी विकत घेतली त्या दिवशीच ठरलेले असते. मालकाने त्या दिवशी थोडे पैसे वाचवलेले असतात. नंतर अपघात झाला की चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहिला जातो. त्या टाकीच्या खरेदीचे बिल कोणी मागवत नाही.

आत काय असते? ॲसिडची वाफ हवेहून जड, ती तळाशी बसते. रंगाईत सोडियम सल्फाइड वापरले असेल आणि त्या गाळात ॲसिड पडले तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. नुसता सेंद्रिय गाळ महिनोन्‌महिने बंद राहिला तरी हाच वायू होतो. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून तो ओळखता येतो, असा गैरसमज आहे. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भाग झाला की नाक बधिर होते आणि वास येणे बंद होते. मजूर म्हणतो, ‘आता वास गेला, उतरतो.’ हजार भागांच्या आसपास तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. आणि टाकीच्या आतून दुरुस्ती करायची असेल तर नवी राळ लावतात, तिच्यात स्टायरीन असते. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे ज्या वायूने झोपेतली माणसे मारली तो हाच स्टायरीन. बंद टाकीत त्याची वाफ साचते आणि साध्या बल्बच्या ठिणगीने ती पेटू शकते.

एक माणूस पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. हे धाडस आपल्या माणसाच्या रक्तातच आहे, आणि तेच त्याचा घात करते. अमेरिकेच्या सरकारी संस्थेने १९८६ मध्येच सांगून ठेवले की अशा बंद जागेत मरणाऱ्यांत साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. महाराष्ट्रातली अलीकडची उदाहरणे पाहा. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा येथे शौचालयाच्या टाकीत पाच मजूर गेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या ग्लोबल सिटीत सांडपाणी प्रकल्पात चार गेले. त्याच महिन्यात नेवासा तालुक्यातील वाकडीला, शेणाचा गाळ साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढायला एक उतरला आणि पाच जण गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात बांधकामावरच्या पाण्याच्या टाकीत चार गेले. पाण्याच्या टाकीत! म्हणजे ॲसिड असलेच पाहिजे असेही नाही, बंद जागा आणि शिळी हवा पुरेशी आहे.

यातले सगळे दलित होते असे म्हणणे खोटे ठरेल. सोनपेठ आणि नागपाड्याचे मजूर गरीब मुस्लिम होते. पण गटार आणि सेप्टिक टँकमध्ये काम करणाऱ्यांची जी नोंदणी केंद्र सरकारने नमस्ते योजनेत केली, त्यातल्या सुमारे ३८ हजार कामगारांत जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातीचे निघाले. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ९२ टक्के. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती सुमारे १७ टक्के आहेत. हा योगायोग म्हणायचा काय?

सरकारी हिशेबाची एक चलाखी इथे समजून घेतली पाहिजे. गटार-सेप्टिक टँकमधले मृत्यू सामाजिक न्याय खात्याच्या वहीत जातात. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत असे ३७७ मृत्यू झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. कारखान्याच्या टाकीत मेलेला माणूस या वहीत येत नाही. तो औद्योगिक सुरक्षा खात्याच्या वहीत जातो, आणि तिथे मांडणी असते ती उद्योगाच्या प्रकाराची आणि अपघाताच्या कारणाची. माणूस तोच, वस्ती तीच, मुकादमही तोच. काल त्याने पालिकेची गटार उपसली, आज कारखान्याची टाकी. पण एका वहीत तो सफाई कामगार आणि दुसऱ्या वहीत नुसता ‘अपघात’.

फरक फक्त वहीचा नाही, पैशाचाही आहे. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला १० लाख ठरवले, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ते ३० लाख केले. खाजगी सोसायटीने उतरवले तरी सरकारची सुटका नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये गोवंडीच्या प्रकरणात दाखवून दिले आणि तीन विधवांना प्रत्येकी १० लाख द्यायला राज्याला सांगितले. या भगिनी लढल्या म्हणून हा निकाल आला. पण कारखान्यातील रसायनाची टाकी म्हणजे गटार नव्हे, सेप्टिक टँकही नव्हे, असे म्हणायला मालकाचा वकील तयारच असतो. मग उरते ती कामगार भरपाई, वय आणि मजुरीच्या हिशेबाने. ती मागायला आधी तो कामगार होता हे सिद्ध करावे लागते. चौकातून उचललेल्या माणसाचे नाव कोणत्या हजेरीपटावर असते?

कारखान्यांसाठी कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३६ वे कलम याच गोष्टीसाठी होते. टाकीला पुरेसे मोठे तोंड पाहिजे. आतला वायू काढलेला पाहिजे आणि तसे जाणकाराने तपासून लेखी प्रमाणपत्र दिले पाहिजे, नाहीतर माणसाला श्वासाचे यंत्र आणि कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पाहिजे. आत नेण्याचा दिवा २४ व्होल्टच्या वर नको. किती साधे आणि किती स्पष्ट! २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विरघळला. आता असा बराचसा तपशील कलमात नाही, तो सरकारने ठरवायच्या मानकांत आणि नियमांत जातो. निरीक्षकाचे नावही ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाले. सुविधा कोणाची, हे नावात लिहिलेले नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १९४८ च्या मूळ व्याख्येत विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांचा होता, संहितेत तो वीस कामगारांचा झाला. अकोल्याच्या डाळ मिला, तेल गिरण्या, अमरावतीची छोटी रंगाई युनिटे यांत कागदावर वीस माणसे दाखवणारे किती सापडतील? धोकादायक काम असेल तर सरकार कमी कामगारांच्या जागेलाही संहिता लावू शकते, ही तरतूद आहे. ती वापरली गेली तर ठीक. मालकांच्या संघटना मुंबईला, दिल्लीला जाऊन येतात. टाकीत उतरणाऱ्याची संघटनाच नाही, तर त्याचे म्हणणे मांडणार कोण?

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ होई. चांगला पगार त्याच खात्यात होता. संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना त्यांनी कामगारांचे दोन शत्रू दाखवून दिले, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. पुढे १९४२ ते १९४६ मजूर खाते त्यांच्याकडे आले आणि आठवड्याचे तास ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीत झाली. नांदगाव पेठच्या पार्कमध्ये धागा तोंडाने ओढणार नाहीत, यंत्रे आहेत. पण विणकाम खाते एकाचे आणि टाकी दुसऱ्याची, ही वाटणी यंत्राने आपोआप मोडत नाही.

आपल्या कामगार संघटना आरक्षण, बढती, अनुशेष यांवर लढतात, ते आवश्यकच आहे. पण त्यात बहुतेक सरकारी नोकरदार आहेत. चौकात उभा राहणारा माणूस त्यांच्या सभासद यादीत नाही. पार्कच्या भूखंडवाटपाच्या अटीत, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात दोन ओळी घालून घेता येतील: प्रत्येक टाकीला अगदी तळाची नळी आणि बाजूचे तोंड, आणि आत उतरण्याचे काम लेखी परवानगीशिवाय ठेक्यावर देण्यास मनाई. कारखाने उभे राहण्याआधी हे मागायला वेळ आहे. टाक्या बसल्यावर त्या बदलायला कोणी तयार होणार नाही.

आणि आजच करण्यासारखेही एक काम आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. अमरावती आणि अकोल्याच्या समित्यांच्या गेल्या पाच वर्षांच्या बैठका किती झाल्या, इतिवृत्तात काय लिहिले आहे, एमआयडीसीतील टाक्यांचा विषय एकदा तरी निघाला काय, हे विचारता येते. सोबत औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला विचारावे की या दोन जिल्ह्यांत बंद जागेत उतरण्याची प्रमाणपत्रे किती तपासली. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचे तिकीट लागते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.